मावळा, हशम आणि शिबंदी : मावळातील स्थानिक सेनेचे स्वरूप

‘मावळा’ हा शब्द आज मराठीत गुणवाचक झाला आहे. निष्ठा, काटकपणा आणि स्वामिकार्यासाठी प्राण वेचण्याची तयारी हे अर्थ त्याला चिकटले आहेत. मूळ शब्द मात्र स्थलवाचक होय. सूर्य मावळतो ती दिशा व त्या दिशेचा सह्याद्रीलगतचा मुलूख तो मावळ, आणि तेथील रहिवासी तो मावळा. स्थलवाचक शब्द प्रथम सैनिकवाचक आणि पुढे गुणवाचक झाला, या अर्थांतरामुळे एक ऐतिहासिक प्रश्न झाकला गेला आहे. मावळातील ही स्थानिक सेना कोणाची होती? गावाची, वतनदाराची की राज्याची?

या प्रश्नाचा उलगडा प्रदेशाच्या रचनेपासून करावा लागतो. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर प्रत्येक नदीचे खोरे दोन्ही बाजूंच्या डोंगररांगांनी वेगळे पडले आहे. आजच्या मावळ तालुक्यातील आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ हे विभाग अशाच खोऱ्यांचे आहेत. लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे किल्ले या खोऱ्यांवर, तर राजमाची बोरघाटाच्या परिसरावर नजर ठेवून आहेत. जमीन तुटपुंजी, पीक मुख्यतः भात आणि नाचणी. अशा मुलखात मोठे घोडदळ पोसणे अवघड, परंतु डोंगर चढणारे पायदळ घरोघर उपलब्ध. त्यामुळे येथील सैन्य आरंभापासून पायदळाचे व स्थानिक राहिले.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात या पायदळाचा धनी प्रत्यक्षात खोऱ्याचा देशमुख होता. तो वसुलीचा हक्कदार, तंट्यांचा निवाडा करणारा आणि जमावाचा नायकही असे. बादशहाची चाकरी तो या जमावाच्या बळावर करी. शेजारच्या देशमुखाशी वैरही त्याच बळावर चालवी. म्हणजे सैनिकाची निष्ठा देशमुखाकडे आणि देशमुखाची निष्ठा वतनाकडे, अशी ही साखळी होती.

इ. स. १६५९ मध्ये अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी या साखळीची परीक्षा झाली. खानास सामील होण्याविषयी आदिलशाही फर्मान मावळच्या देशमुखांकडे आले. उत्रवळीचा खंडोजी खोपडे खानास मिळाला. रोहिडखोऱ्यातील कारीचे कान्होजी जेधे आपल्या पुत्रांसह शिवाजीमहाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले, असे जेधे घराण्याच्या करिन्यात नमूद आहे. या कृतीतील त्याग सर्वपरिचित आहे. तिच्यातील राजकीय तत्त्व तितकेच महत्त्वाचे आहे. वतनाशिवाय देशमुखाचा जमाव त्याचा राहत नाही. तो राज्याचा होतो.

राज्याने या जमावास कोणते रूप दिले, ते कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीवरून कळते. दहा माणसांत एक नाईक, पन्नासांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी आणि सर्वांवर सरनोबत, अशी ही उतरंड होती. जुमलेदारास सालीना शंभर होन आणि हजारीस पाचशे होन, असे रोख वेतन ठरले होते. रोख वेतनामुळे अधिकारी आणि जमीन यांचा सांधा तुटला. गडावरही हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांच्यात अधिकार वाटलेला असे, म्हणजे कोणा एकास फितुरी करून किल्ला देता येऊ नये. माणसे स्थानिक, परंतु अधिकाराची चौकट राज्याची, असा हा मेळ होता.

या व्यवस्थेची परिभाषाही बोलकी आहे. ‘नाईक’ हा शब्द संस्कृत कुळातला, ‘पाईक’ प्राकृतातून आलेला. ‘हशम’ मूळ अरबी, ‘सरनोबत’ फारसी. खालची पायरी देशी आणि वरची पायरी दरबारी, असे स्थूलमानाने म्हणता येईल. ‘शिबंदी’ हा शब्द फारसी ‘सिह्‌बंदी’वरून आला असून त्याच्या मुळाशी त्रैमासिक वेतनाची कल्पना आहे. वेतनाची मुदत सांगणारा शब्द सैन्याचे नाव बनला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पेशवाईत मैदानी युद्धाचा भार घोडदळ व तोफखान्यावर गेला. इ. स. १७७९ च्या जानेवारीत इंग्रज फौज घाट चढून कार्ल्यावरून तळेगावपर्यंत आली व माघार घेताना वडगाव येथे कोंडली गेली. तो पराक्रम याच मावळात घडला. परंतु त्याचे मुख्य श्रेय महादजी शिंदे आदी सरदारांच्या फौजांकडे जाते. खोऱ्यातील पायदळाकडे किल्ल्यांची राखण तेवढी उरली होती. इ. स. १८१८ च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने विसापूर घेतला, पाठोपाठ लोहगड पडला आणि ही राखणही संपली.

किल्ले पडले हे इतिहासात नोंदले गेले. शिबंदी मोडल्याने रिकाम्या झालेल्या हातांचा विचार क्वचित होतो. पुरंदरच्या परिसरात किल्ल्याची राखण करणाऱ्या रामोशांची परंपरागत चाकरी गेली, आणि त्यांच्यातील असंतोषातूनच उमाजी नाईकांचा उठाव उभा राहिला. इ. स. १८३२ मध्ये त्यांना फाशी देण्यात आले. काल ज्यांच्या हाती राज्याने किल्ल्याचे दार सोपविले, त्यांनाच नव्या राज्याने गुन्हेगार ठरविले.

स्थानिक सेनेचा धनी कोण, हा प्रश्न आधुनिक राज्यांतही सुटलेला नाही. त्याची निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत. अमेरिकेत इ. स. १९४७ मध्ये स्वतंत्र रूप मिळालेले ‘एअर नॅशनल गार्ड’ हे घटकराज्यांचे हवाई दल एरवी राज्यपालाच्या आणि पाचारण होताच राष्ट्राध्यक्षाच्या आज्ञेत असते. भारतीय संविधानाने भूसेना, नौसेना व वायुसेना हे विषय संघाकडे ठेवले. ‘ब’ वर्गाच्या राज्यांना आपली सशस्त्र दले ठेवू देणारा अनुच्छेद २५९ इ. स. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने वगळण्यात आला. इ. स. १९४८ च्या कायद्याने झालेली प्रादेशिक सेना आणि इ. स. १९५२ च्या कायद्यातील साहाय्यक वायुसेना यांत माणूस नागरी जीवनातला, परंतु आज्ञा केंद्राची. माणसे स्थानिक आणि चौकट राज्याची, हे सतराव्या शतकातील सूत्र येथे वेगळ्या रूपात भेटते.

तात्पर्य, मावळ्याची निष्ठा हा केवळ स्वभावधर्म मानल्यास इतिहास अपुरा राहतो. ती निष्ठा वतनाकडून राज्याकडे वळविणारी एक व्यवस्था होती. तिला नियम होते, वेतन होते, आणि ती मोडल्यावर माणसे उघड्यावर पडली. लोणावळ्यास इ. स. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेस ‘शिवाजी’ हे नाव आहे. नावाने स्मृती टिकते. नावामागील व्यवस्थेचा शोध मात्र करिने, बखरी आणि किल्ल्यांची दप्तरे यांतूनच घ्यावा लागेल.