मुदती हुंडी ते पुढील तारखेचा धनादेश : शिरोळ परिसराच्या संदर्भात

आज लिहून दिलेल्या धनादेशावर दोन-तीन महिन्यांनंतरची तारीख घालण्याचा प्रघात शिरोळसारख्या ऊसपट्ट्यात सर्वपरिचित आहे. तो आधुनिक बँकव्यवहाराची देणगी मानला जातो. वस्तुतः त्याचा पूर्वज मुदती हुंडी हा होय.

दर्शनी हुंडी दाखविताच वटे. मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी. मुदत म्हणजेच उधारी. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज अधिनियमाने देशी भाषांतील अशा लेखांची स्थानिक वहिवाट अबाधित ठेवली होती. शिवाय आजच्या शिरोळ तालुक्यापैकी शिरोळ हे कोल्हापूर संस्थानात, तर कुरुंदवाड पटवर्धनांच्या संस्थानात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथे आपोआप लागू होत नसे. कुरुंदवाड १९४८ मध्ये व कोल्हापूर १९४९ मध्ये विलीन झाले. तोवर दोन राज्यांच्या हद्दी ओलांडणाऱ्या कागदामागे न्यायालयापेक्षा पेढीची पतच उभी असणार, हे मानणे सयुक्तिक ठरते.

धनादेश मात्र व्याख्येनेच मागताक्षणी देय. त्यामुळे पुढील तारखेचा धनादेश त्या तारखेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने केवळ विनिमयपत्र असतो व त्या दिवशी धनादेश बनतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये अनिलकुमार सहानी विरुद्ध गुलशन राय या खटल्यात स्पष्ट केले. तारखेपूर्वी बँकेने पैसे दिल्यास जोखीम बँकेची. धनादेशाची वैधताही हवाली केल्याच्या नव्हे, तर त्यावर लिहिलेल्या तारखेपासून मोजली जाते. १ एप्रिल २०१२ पासून ती सहाऐवजी तीन महिने झाली.

मुदती हुंडीस मुद्रांक शुल्क लागते, धनादेशास नाही, ही सोय होतीच. परंतु खरा बदल १ एप्रिल १९८९ रोजी कलम १३८ अमलात आल्याने घडला. न वटलेला धनादेश फौजदारी गुन्हा ठरला. पुढे २००२ च्या दुरुस्तीने शिक्षेची मर्यादा एक वर्षावरून दोन वर्षांवर गेली. तेव्हापासून पुढील तारखेचा धनादेश पतीचा कागद कमी व तारणाचा अधिक झाला. कर्जाच्या हप्त्यापोटी तारण म्हणून दिलेला धनादेशही, त्या तारखेस देणे असल्यास, या कलमाखाली येतो, असा निर्णय २०१६ मध्ये झाला.

येथेच ऊस उत्पादकाची अडचण सुरू होते. धनादेशावरील तारीख तो उसाच्या बिलाचा अंदाज बांधून घालतो. बिलाची तारीख मात्र त्याच्या हाती नसते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत किंमत मिळावयास हवी, विलंबास वार्षिक पंधरा टक्के व्याज. जयसिंगपूरच्या ऊस परिषदांत थकीत बिलांचा प्रश्न वारंवार आला, तो उगाच नव्हे. कारखान्याच्या विलंबावर नेहमीचा उपाय व्याजाचा आणि महसुली वसुलीचा. शेतकऱ्याच्या विलंबावर मात्र खटल्याचा. मागणीची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरल्यास गुन्हा होत नाही. पण तोवर उसाचे बिल जमा झालेले असेलच, असे नाही.