शुक्रवार पेठेतील ‘गंगोत्री’

देवळाली प्रवरेपासून धारवाड पुष्कळ लांब. तरी १९५६ पर्यंत आपला नगर जिल्हा व धारवाड जिल्हा एकाच मुंबई राज्यात नांदत होते, आणि आपल्या गायकांचे व नाटक मंडळ्यांचे तिकडे घरच्यासारखे येणे-जाणे होते. म्हणून धारवाडच्या शुक्रवार पेठेतील एका जुन्या घराविषयी येथे लिहिणे आम्हांस अस्थानी वाटत नाही.

‘गंगोत्री’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घरात ५ मार्च १९१३ रोजी गंगूबाई हनगल यांचा जन्म झाला. आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीच्या जाणत्या गायिका. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब त्यांचे गाणे ऐकावयास येत. छोटी गंगू मात्र रस्त्यावर ग्रामोफोन वाजू लागला की बाहेर धाव घेई. मुलीचा ओढा हिंदुस्थानी गायकीकडे आहे, हे ओळखून अंबाबाईंनी आपले गाणे बंद केले. दोन पद्धतींची सरमिसळ मुलीच्या गळ्यात होऊ नये, एवढ्यासाठी! या घराचे खरे वैभव आम्हांस याच त्यागात दिसते.

घर गाणाऱ्या बायकांचे आणि जात खालची मानलेली. पेठेतून जाताना लोक टोमणे मारीत. एकदा शेजारच्या बागेतून आंबे तोडले, तेव्हा बागमालकांना चोरीपेक्षा गाणारणीची पोर बागेत शिरली याचाच संताप अधिक. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत गंगूबाई होत्या. परंतु जेवणानंतर उष्टी आपल्यालाच उचलावी लागतील, ही धास्ती तेथेही मनात होतीच. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावाच्या विहिरीवर मज्जाव होता, अशा आपल्या कुटुंबांना ही धास्ती समजावून सांगावी लागणार नाही.

१९२८ साली कुटुंब हुबळीस गेले. तेथून गंगूबाई आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकावयास जात. पुढे १९७१ मध्ये पद्मभूषण, २००२ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २१ जुलै २००९ रोजी त्या निवर्तल्या.

त्याआधीच, २००८ साली, कर्नाटक शासनाने या जन्मघराचे संग्रहालय करण्याचे जाहीर केले. दुरुस्ती झाली, पण पुढे देखभालीअभावी वास्तूची दुर्दशा झाली. जर्मनीतील बॉन शहरी बीथोवेनचे जन्मघर असेच नाहीसे होण्याच्या बेतात होते. १८८९ साली तेथील बारा नागरिकांनी संस्था स्थापून ते विकत घेतले आणि १८९३ मध्ये संग्रहालय म्हणून उघडले. ते आजही उभे आहे. शासनाचा पैसा भिंत बांधतो. गळके कौल वेळेवर बदलावयास शेजारीच लागतात.

अशा संग्रहालयांत सहसा तंबोरा, पदके आणि थोरामोठ्यांसोबतची छायाचित्रे मांडतात. तीही असावीत. नाव झाल्यावर ज्यांनी एकेकाळी हिडीसफिडीस केली, त्यांच्याच घरी गंगूबाईंना मानाने जेवावयास बोलावले गेले. ‘गंगोत्री’च्या भिंतीवर काही लिहावयाचे झालेच, तर त्या पंगतीबरोबर आंब्याची गोष्टही लिहावी.