कवाडावरच्या सात रात्री

शस्त्रवैद्यकाचा इतिहास वाचावयास घेतला म्हणजे शस्त्र चालविणारा दिसतो, शस्त्र दिसते, क्वचित रुग्णाचे नावही सापडते. पण सारे आटोपल्यावर त्या माणसाला कशावर निजविले, त्याच्या डोक्याखाली काय दिले, रात्री दोन वाजता तहान लागली तेव्हा त्याने कोणाला आणि कशी हाक मारली, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. एरवी मलाही त्याचे काही वाटले नसते. गेल्या पावसाळ्यात मानेवर शस्त्रक्रिया होऊन मी आमच्या बेगमपुऱ्यातल्या घरात पडून राहिलो, तेव्हा मात्र हा प्रश्न माझ्यापुरता फार निकडीचा होऊन बसला.

फळ्यावर लिहिता लिहिता हातातून खडू गळू लागला, ही सुरुवात. पहिल्या वेळी मुले हसली. चौथ्या वेळी कोणी हसले नाही. मानेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला आहे, आज बोटे गेली, उद्या पाय जातील, असे डॉक्टरांनी सांगितले. मास्तराला आणि त्यातून कादंबऱ्या लिहिणाऱ्याला बोटांखेरीज दुसरे भांडवल कोणते? मी 'हो' म्हणालो. गळ्याच्या पुढल्या बाजूने, श्वासनलिका व अन्ननलिका अलगद बाजूला सारून मणक्यांपर्यंत जावयाचे, गादी काढावयाची आणि तेथे दोन मणके सांधून टाकावयाचे, अशी ती क्रिया. ही वाट अमेरिकेत रॉबिन्सन आणि स्मिथ या जोडीने १९५५ साली प्रथम वर्णिली. १९५८ साली क्लॉवर्ड याने आपली निराळी पद्धत प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या वाटेने माझी बोटे परत यावयाची होती, ती सत्तर वर्षांपूर्वी कोणालाच नीट ठाऊक नव्हती. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री या विचाराने मला धीर आला की भीती वाटली, हे आज सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी घरी पाठविले. बरोबर सूचनांचा कागद. अंथरूण कठीण असावे, डोक्याकडची बाजू थोडी उंच असावी, उशी पातळ असावी. पहिला आठवडा पाठीवरच निजावे. उठताना मान वळवू नये. सगळे अंग ओंडक्यासारखे एकदम कुशीवर घ्यावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने बसते व्हावे. दिवसा थोडे थोडे चालावे. गळ्याला पट्टा. गिळताना दुखेल, तेव्हा मऊ भात, पेज, खिमट. आवाज काही दिवस बसेल.

घरी तर सुंभाची बाज, मधोमध झोळ पडलेली. लोखंडी पलंग आणावा तर माडीचा जिना अरुंद. आम्ही विचार करीत बसलो असता आई म्हणाली, "मागल्या खोलीचं कवाड उतरवा. आमच्याकडं गाडीतून पडलेला माणूस कवाडावरच निजवीत." मेहुण्याने बिजागऱ्या सोडविल्या. सागवानी फळी बाजेवर आडवी झाली, वर दोन वाकळी अंथरल्या, बाजेच्या उशाकडच्या पायांखाली दोन दोन विटा सरकवल्या. मी त्यावर पाठ टेकली आणि माझ्या खोलीला दार उरले नाही.

मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. संस्कृत आले ते शाळेत आले तेवढेच. बाकी भाषांतराच्या काठीने चालतो. एका स्नेह्याने सुश्रुतसंहितेचे भाषांतर आणून दिले. पुस्तक डोळ्यांसमोर धरण्याची मला मनाई, म्हणून मुलगी वाची आणि मी छताकडे पाहत ऐके. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, जेथे मोडलेल्या हाडांचे उपचार आहेत, तेथे ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, हे तर तुमचंच आहे."

खरोखरच माझे होते. मान पिरगळली किंवा आत दबली असता काय करावे, हे तेथे सांगितले आहे. मानेच्या मागच्या खळगीशी आणि जबड्यांशी धरून माणसाला वर उचलावे, दोन्हीकडे सारख्या पट्ट्या देऊन वस्त्राने बांधावे, आणि सात रात्री उताणे निजवावे. सात! सुश्रुताच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि माझ्या डॉक्टरांनी तो ग्रंथ उघडलेला असेल असेही मला वाटत नाही. पण टाके पाहीपर्यंत पाठीवरच राहा, म्हणजे एक आठवडा, असे त्यांनी मला सांगितले होते. त्याच अध्यायात पुढे मांडी-पिंढरीच्या मोडलेल्या हाडांसाठी एक शय्या सांगितली आहे. तिच्यावर खुंट्या ठोकून अवयव हलू नये अशी तजवीज करावयाची. पाठीचा कणा, कंबर आणि छाती यांच्या इजेलाही हाच विधी. त्या शय्येचे नाव 'कपाटशयन'. कपाट म्हणजे दाराची फळी, आपले कवाड. आईने हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. पण शब्द गळून गेला तरी फळी घरोघर शिल्लक राहिली होती.

याच्या शेजारी दुसरे एक पान ठेवून पाहावे. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीचा एक वैद्यकीय लेख मिसर देशात सापडला. एडविन स्मिथ पपायरस म्हणून तो ओळखला जातो. त्यात मानेचा मणका निखळून हातापायांची जाणीव गेलेल्या माणसाचे वर्णन आहे, आणि अशा दुखण्यावर उपचार करू नये असा निर्णय दिला आहे. ज्याने तो लिहिला त्याला मी निर्दय म्हणणार नाही. त्याने आपली मर्यादा ओळखली. परंतु सुश्रुताने तेथे निदान एक अंथरूण घातले, आणि पडून असलेल्या माणसाला दोहोंतला फरक चांगला समजतो.

सूत्रस्थानातल्या एकोणिसाव्या अध्यायात तर जखमी माणसाने घरी कसे राहावे याचाच विचार आहे. खोली स्वच्छ, वाऱ्याचा झोत नसलेली. अंथरूण ऐसपैस, डोके पूर्वेकडे, आणि जवळ शस्त्र. उठता, निजता, कूस पालटता, चालता आणि मोठ्याने बोलता जखमेला जपावे. गोड बोलणाऱ्या मित्रांनी भोवती बसून गोष्टी सांगाव्यात, म्हणजे वेदनेचा विसर पडतो. दिवसा झोपू नये. यातले दिवसाचे झोपणे मला भारी पडले, कारण दुपारी डोळा लागे आणि रात्री टक्क जागा. आईने पोथी न वाचताच दुपारची झोप बंद केली आणि शाळेतल्या मुलांना पाळीपाळीने बोलावून माझ्याजवळ बसविले. त्यांनी मला शाळेच्या साऱ्या भानगडी सांगितल्या. त्या छापण्याजोग्या नाहीत. त्याच अध्यायात स्त्रियांना रुग्णाच्या समोर येऊ देऊ नये असेही आहे. ते ऐकून आमच्या घरातून प्रश्न आला, "मग पट्टा कोण बांधणार होतं, मी विचारते?" सुश्रुताकडे याचे उत्तर नाही.

आता मराठी मुलखातली एक हकीकत. ती मानेची नव्हे, नाकाची आहे. पण त्या दिवसांत मी तिच्याकडे निराळ्या डोळ्यांनी पाहिले. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेच्या बैलगाड्यांवर होता. तो टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कुंभाराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक केले. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, ही क्रिया पाहून होते. हकीकत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापली गेली, ती वाचून कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि तेथून पुढे युरोपातील नाकांचा इतिहास सुरू होतो. हे सगळे सांगतात. कावसजीचे चित्र काढणारा जेम्स वेल्स हा आमच्या वेरूळची लेणीही कागदावर उतरवून गेला, हे त्या मानाने कमी लोक सांगतात.

पण त्या मासिकातल्या मजकुरात आणखी चार ओळी आहेत, आणि मला त्याच मोलाच्या वाटतात. सांध्यावर काथ भिजवून त्याच्या पट्ट्या एकीवर एक लावल्या. चार दिवस दुसरे काही नाही. मग त्या काढून तुपात भिजविलेली फडकी. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजविले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. सुमारे पंचविसाव्या दिवशी कपाळाशी जोडलेली कातडी तोडली. काथ, तूप, फडके: सगळे पान-तबकातले आणि स्वयंपाकघरातले. ते पाच-सहा दिवस एका हाताचा तो माणूस उताणा पडला असता त्याला पाणी कोणी पाजले, माशा कोणी वारल्या? कुंभाराचेही नाव त्या पानावर नाही, मग ही माणसे कोठून असणार! माझ्या बाजेखालच्या विटांकडे मला पाहता येत नसे, पण त्या तेथे आहेत हे ठाऊक होते.

सुश्रुताच्या शस्त्राखालचा माणूस मद्य पिऊन सहन करी. भुलीची झोप एकोणिसाव्या शतकात आली, आणि तिच्यावरून झालेल्या वादाचे एक ठाणे आमच्याच राज्यात होते. हे शहर १९४८ पर्यंत निजामाचे. त्या निजामाच्या हैदराबादेत डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मची चौकशी करणारी दोन मंडळे बसली. भूल देताना श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाला तिच्यापासून थेट धोका नाही, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे १९११ साली लेव्ही याने दुसरा भाग चुकीचा असल्याचे दाखविले. असो. ती झोप इतरांच्या हाती असते. माझा विषय तिच्यानंतरच्या झोपेचा, जी येत नाही.

कारण मानेच्या बाबतीत अंथरूण हेच फार दिवस औषध होते. १८९१ साली टेक्सासमध्ये हाड्रा याने एका रोग्याच्या मानेचे मणके तारेने बांधून पाहिले, पण असे धाडस विरळा. १९३३ साली क्रचफील्डने कवटीला चिमटे लावून वजनाने मान ताणून धरण्याची युक्ती काढली. तिच्यात माणूस आठवडेच्या आठवडे छताकडे पाहत पडून राही. १९५९ साली कॅलिफोर्नियात पेरी आणि निकेल यांनी डोक्याभोवती धातूचे कडे बसवून ते धडाला जखडले, तेव्हा कडे घेऊन का होईना, माणूस उठून चालू लागला. आणि कवटीखालचे पहिले दोन मणके, जे निसटले तर श्वासच थांबावयाचा, ते पट्टी व स्क्रूने घट्ट धरण्याची रीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून वापरली, आणि १९९४ साली डॉ. लाहेरी यांच्यासह प्रसिद्ध केली. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी तिच्यात फेरफार केला. आज जगभर दोघांच्या जोडनावाने ती ओळखली जाते. परळमधल्या त्या इमारतीने किती माणसांना छताच्या कैदेतून सोडविले असेल! मला सात रात्री जड गेल्या. पूर्वीच्यांनी सत्तर काढल्या.

त्या सातांतली तिसरी रात्र सांगून संपवितो. आवाज बसलेला, म्हणून हाक मारण्यासाठी उशाशी पितळी वाटी आणि चमचा ठेवला होता. मध्यरात्री पाऊस कोसळत असता जाग आली आणि उजवा हात जागेवर नाही असे वाटले. बोटे हलवू गेलो; काही नाही. डाव्या हाताने चमचा चाचपला, तो निसटून अंथरुणातच हरवला. ओरडावे तर घशातून नुसता वारा. मला खडू दिसला, फळा दिसला, अर्धी राहिलेली कादंबरी दिसली. मान हलवावयाची नाही, एवढे एकच मी पाळले.

दाराच्या जागी दार नव्हते. उंबऱ्याशी आई निजली होती. घशातला वारा तिला ऐकू आला. दिवा न लावता ती आली, माझा हात शोधला आणि तो माझ्याच कमरेखालून काढला. "दबला होता रे," ती म्हणाली आणि चोळीत बसली. हळूहळू मुंग्या आल्या. मुंग्यांचे इतके स्वागत मी कधी केले नव्हते.

आठव्या दिवशी टाके पाहिले, आणि कुशीवर निजण्याची परवानगी मिळाली. खांदा आणि कान यांच्यातली पोकळी उशीने नेमकी भरावी, मान वर नाही की खाली नाही, असे डॉक्टरांनी दाखविले. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात उजव्या कुशीवर पहुडलेला तो सुमारे सात मीटरांचा बुद्ध मला आठवला. शाळेच्या सहलीला मी दरवेळी मुलांना त्याची लांबी सांगत आलो. आता गेलो की उशी दाखवीन.

बोटे परतली आहेत. हा लेख त्यांनीच लिहिला. आवाज मागच्या बाकापर्यंत अजून पोचत नाही. दसऱ्याला कवाड पुन्हा चौकटीत चढविले. पावसाने फुगले होते, सुताराला रंधा मारावा लागला. आता ते छान फिरते, पण रात्री लावता येत नाही; आई अजून उंबऱ्याशीच निजते.