वऱ्हाडातील वेगाचा षौक आणि जुन्या दमण्या

बुलढाणा जिल्ह्यातील माणसास त्याचा मुलूख विचारला असता तालुक्याचे नाव सांगण्यापूर्वी तो बहुधा ‘घाटावरचा’ किंवा ‘घाटाखालचा’ एवढे सांगून मोकळा होतो, आणि ज्यास या प्रांतातील वाहनांच्या पूर्वेतिहासाचा विचार करावयाचा आहे त्याने याच भेदापासून आरंभ करणे इष्ट होय. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन खंड केले आहेत. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा हे वरचे अंग मुरमाड आणि खडकाळ, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हे पूर्णेच्या खोऱ्यातील खालचे अंग काळ्याभोर, चिकट मातीचे. वर चाकाची धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, दगडावर झिजते व बैलाचे खूर फुटतात. खाली मृगाचे दोन पाऊस झाले की तेच चाक तुंब्यापर्यंत, म्हणजे मधल्या गाभ्यापर्यंत, चिखलात रुतते. राजूरच्या घाटाने ज्यास चढउतार करावयाची, त्यास या दोन्ही प्रकृतींस पुरून उरेल असे वाहन हवे असे, आणि ते बेतणे हे येथील सुतार-लोहारांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब होते.

ओझ्याची गाडी ती बंडी. कडबा, खत, कापूस, धान्य, लग्नाचे वऱ्हाड, जे पडेल ते तिने वाहावे. तिच्याकडून वेगाची अपेक्षा कोणी केली नाही. वेगासाठी वऱ्हाडाने निराळी वाहने निर्माण केली. दमणी, रेंगी आणि छकडा ही त्यांची नावे असून तिन्हींचे धोरण एकच: लाकूड कमी, बैठक आटोपशीर आणि बैल चालीचे. या वेगाची निकड इतिहासाने निर्माण केली. इ. स. १८५३ च्या तहाने निजामाच्या दौलतीतील वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या वहिवाटीखाली आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा होऊन वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. आणि त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळ-नागपूर वाट मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून पुढे गेली. मुख्य मार्ग खामगावास वगळून गेला असल्यामुळे १८७० मध्ये जलंब स्थानकापासून त्या पेठेपर्यंत खास फाटा काढण्यात आला. आगगाडीने लमाणांच्या तांड्यांचा दूरपल्ल्याचा धंदा बुडविला हे खरे, परंतु स्थानकापर्यंतची पाच-दहा कोसांची वाट तिने बैलांच्याच खांद्यावर ठेवली, आणि त्या वाटेवर घड्याळ आणले. गाडी चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत खोळंबा, ही जाणीव देशमुखास, वकिलास, मामलेदारास आणि कापसाच्या अडत्यास एकाच वेळी झाली. दमणीच्या प्रतिष्ठेचे मूळ मला या खोळंब्याच्या धाकात दिसते.

वेग ही त्या काळी वतनदारांची मिरास होती. वाड्याच्या देवडीत उभी असलेली सागवानी दमणी, तिच्यावरचे छत, गादी-लोड, बैलांच्या गळ्यातील घागरमाळा व पाठीवरील झुली हा सरंजाम सामान्य कुणब्याच्या आवाक्यातला नव्हता. परंतु वस्तू जुनी होते, आणि जुनी झालेली वस्तू खाली उतरते. विसाव्या शतकात जसजशी मोटार वाड्यांतून शिरली तसतशी दमणी अडगळीत पडू लागली, आणि जिचे मोल एके काळी विचारण्याचीही छाती होत नसे ती चार पोत्यांच्या ज्वारीवर निघू लागली. ती घेणारा गृहस्थ हा या लेखाचा खरा नायक आहे. दोन बैलांचा शेतकरी, वेगाचे मनस्वी वेड, आणि हातात बेताचे पैसे. त्याने ती गाडी घेऊन प्रथम तिचे छत उतरविले, मग बाजूच्या नक्षीदार पट्ट्या काढल्या, मग बैठकीच्या फळ्या कमी केल्या, आणि देशमुखांच्या मिरवणुकीचे वाहन शर्यतीच्या पटावर धावण्याजोगे केले.

जुनी गाडी घेताना पाहावयाचे काय, याचे शास्त्र जाणत्याजवळ पक्के होते. रंग व नक्षी यांच्याकडे तो ढुंकूनही पाहत नसे. प्रथम जू खाली ठेवून तो चाक दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलवी. तुंब्यातील लोखंडी नळी झिजली असेल तर चाक कण्यावर डुगडुगते आणि त्याचा आवाज हातास आधी कळतो, कानास मागाहून. मग एकेका आऱ्यावर तो बोटाच्या पेराने टिचकी मारी. बाभळीचा निरोगी आरा टणत्कार देतो, किडलेला किंवा सांध्यात सैल झालेला बद्द बोलतो. त्यानंतर चाकाच्या घेराच्या पुठ्यांचे सांधे, आणि सर्वांच्या शेवटी कणा. धावड्याचा किंवा तिवसाचा कणा असेल व त्यास आडवी चीर नसेल, तर बाकी सर्व दुरुस्त होण्याजोगे आहे असे समजून सौदा करावा. आणि कणाच गेलेला असेल तर गाडी फुकट मिळाली तरी महाग, हा त्या व्यवहारातील आद्य सिद्धान्त होता.

चाक सैल निघाले म्हणून मात्र कोणी निराश होत नसे, कारण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात चांगले चाकही वाळून खिळखिळे होते. तात्पुरता उपाय म्हणजे चाक नदीच्या डोहात किंवा हौदात भिजत घालणे. लाकूड फुगून सांधे आवळतात. कायमचा उपाय लोहाराकडे. तो पुठ्यांचा घेर मोजून धावेचे कडे त्या मापाहून किंचित आखूड करी, गोवऱ्यांच्या गोल जाळात ते लालबुंद तापवी, आणि तिघाचौघांनी सांडशीने उचलून ते जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर बसविताच वरून पाण्याच्या घागरी रिचविल्या जात. लाकडातून धूर निघे, वाफ उसळे, आणि आकुंचन पावणारे लोखंड सगळ्या आऱ्यांस तुंब्यात असे दाबून बसवी की त्या वेळी उठणारा कडकड असा आवाज ऐकूनच लोहार चाक साधले की नाही ते सांगे. खिळा नाही, सरस नाही. पदार्थाच्या प्रसरण-आकुंचनाचा एवढा शुद्ध उपयोग ज्यांनी केला त्या कारागिरांची मजुरी सुगीच्या खळ्यावर चार पायल्यांच्या बलुत्यात भागत असे, याचा विषाद वाटल्याशिवाय राहत नाही.

गाडीहून बैलाची खरेदी अवघड. गुरांचे हेडी आणि दलाल यांच्या गराड्यात, उपरण्याखाली बोटे धरून, तोंडाने एक शब्द न काढता किंमत ठरविण्याची जुनी रीत होती. वय दातांवरून पाहत: आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि साधारण पाचव्या वर्षी पूर्ण जुळलेला. धनिक मनुष्य चार दाती, देखणा, शिंगाशिंगांस जुळणारा जोड घेई. कमी पैशांच्या षौकिनाची दृष्टी दुसरीकडे असे. अंगावर अशुभ मानलेला भोवरा आहे म्हणून ज्यास गिऱ्हाईक नाही, जो पहिल्या धन्याच्या हाताखाली लाथाळ झाला, जो नांगरास उपयोगी नाही कारण तो संथ चालूच शकत नाही, असे जनावर तो हेरी. भोवऱ्याने धाव मंदावत नाही हे त्यास अनुभवाने ठाऊक असे, आणि लोकांच्या त्या समजुतीने किंमत पडते याचा लाभ त्याने नि:संकोच घेतला. मग सहा-सहा महिने त्या बैलाच्या सहवासात काढावयाचे, जवळच निजावयाचे, हातून सरकी-ढेप चारावयाची. ‘हा हात लावू देतो आता’ एवढे एक वाक्य गावात ऐकू आले की पुढल्या पटाची चर्चा सुरू होई.

यापुढचे काम समतोलाचे. भार मागे गेला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्यास जोताची पट्टी काचते. भार पुढे आला तर ती धुरजड होऊन सारे ओझे खांद्यावर बसते. ओझ्याच्या बंडीत हा दोष दगड-धोंडा इकडेतिकडे सरकवून काढता येतो, पण धावत्या छकड्यात धुरकऱ्याचे, म्हणजे हाकणाऱ्याचे, स्वत:चे शरीर हाच सर्वांत मोठा भार असल्यामुळे कणा चार बोटे मागेपुढे करून बसविणे व धुरकऱ्याने वळणावर अंग कोणीकडे झोकावे हे ठरविणे, यातच सगळी विद्या होती. अशीच विद्या जगात अन्यत्रही थोड्या पैशांच्या माणसांनी शोधली. १९४८ मध्ये कॉलिन चॅपमन या इंग्रज तरुणाने एक जुनी ऑस्टिन सेव्हन मोटार घेऊन तिच्यावर आपली पहिली स्पर्धेची गाडी उभारली आणि पुढे लोटस हा कारखाना काढला. त्याचे सारे तत्त्वज्ञान वजन घटविण्यात सामावलेले होते. मोठे यंत्र विकत घेण्याची ऐपत नसलेला मनुष्य अनावश्यक ते काढून टाकू लागतो, आणि त्यातून कित्येकदा धनिकाच्या गाडीहून सरस गाडी निर्माण होते, हे मला या दोन्ही इतिहासांतील अत्यंत मोलाचे सत्य वाटते.

निगेविषयी थोडक्यात. गाडीच्या बाजूस वंगणाचा नळा टांगलेला असे, आणि लांबच्या वाटेवर मुक्कामागणिक चाक काढून कणा माखणे हा नित्यनेम होता. घाटावर बैलाच्या खुरास लोखंडी पत्री मारल्यावाचून गत्यंतर नसे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद व तूप लावून शेकण्याची जी खांदमळणीची रीत आहे, तिच्यात धर्मभावनेबरोबर वर्षभर जुवाखाली रगडलेल्या स्नायूंचा उपचारही आहे.

पट म्हणजे शर्यत. विदर्भात तिला शंकरपट म्हणतात, आणि अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट सर्वश्रुत आहे. या षौकाची काळी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. तुतारी या हाकण्याच्या काठीच्या आरीने बैलाच्या मांड्या रक्तबंबाळ करणे, शेपट्या पिरगाळणे, पुढे पुढे विजेचे झटके देणे, असले प्रकार झाले व वाढले. ज्यास जोड जमविता आला नाही, भार साधता आला नाही, त्यानेच आरीचा आश्रय केला. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळांत वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी कायम केली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली तरी ती न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, १००० मीटरांहून अधिक नसलेली धाव आणि आरी-चाबकास सक्त मनाई अशा शर्ती आहेत. या शर्तींचे मी मन:पूर्वक स्वागत करतो, कारण त्यांनी कसब नसलेल्याचे शस्त्र काढून घेतले आहे.

कायद्याचा हा प्रश्न उद्भवण्याच्या कितीतरी आधीच रस्ते बदलले होते. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील १९२७ च्या समितीने रस्त्यांसाठी पेट्रोलवरील कराचा मार्ग दाखविला, डिसेंबर १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांच्या बैठकीत नागपूर योजना आखली गेली, आणि डांबरी सडक गावाजवळ येताच लोखंडी धाव ही त्या सडकेची शत्रू ठरली. रबरी टायरची ‘डनलॉप गाडी’ आली. भंगारात निघालेल्या मोटारींचे आस आणि चाके बैलांच्या मागे फिरू लागली. धाव चढविणारे लोहार हळूहळू विरळ झाले. आजचे पटाचे छकडे बहुधा लोखंडी नळ्यांचे असून बेअरिंगच्या चाकांवर धावतात, आणि ते मोटार-ट्रॅक्टरच्या दुकानांतील वेल्डरच्या हातून उतरतात. बाभूळ गेली, धावडा गेला. पण धुरकरी अशा दुकानात आला की वेल्डर टेप हाती घेऊन प्रथम त्याचे वजन विचारतो, बैलांच्या खांद्याची उंची विचारतो, आणि मगच आसाची जागा खडूने आखतो.