घराची जंत्री

जंत्री म्हणजे आपल्या मराठीत नुसती यादी. बडोद्यात मात्र जंत्री म्हटलं की घर-जमिनीचा सरकारी दर. दस्त नोंदवताना स्टॅम्प ड्यूटी त्यावरून ठरते. महाराष्ट्रात त्यालाच रेडीरेकनर म्हणतात. आता आणखी एक जंत्री फोनमध्ये आली आहे. पत्ता आणि चौरस फूट टाकले, की किंमत समोर हजर.

हा आकडा आभाळातून पडत नाही. जवळपासच्या विक्रीचे दस्त, जाहिरातींतले भाव, घराचं वय, क्षेत्रफळ यांचा मेळ घालून यंत्र तो काढतं. आता आपल्याकडचे दस्त पाहा. गुजरातेत 2011 ची जंत्री 2023 पर्यंत तशीच होती. बाजार वर गेला तरी कित्येक दस्त जंत्रीच्या आसपासच लिहिले जायचे. वरची रक्कम कशी दिली जाते, हे सगळ्यांना ठाऊक! मग 15 एप्रिल 2023 पासून जमिनीचे दर एकदम दुप्पट झाले. त्या रात्रीत कुठल्या घराची वीटसुद्धा हलली नव्हती. आणि जाहिरातीतला भाव हा तर मागितलेला भाव, मिळालेला नव्हे.

आमच्या नात्यात दांडियाबाजारातल्या एका जुन्या घराच्या वाटण्या अशाच आकड्यावर अडल्या आहेत. परदेशातले चुलतदीर फोनमधल्या किमतीवर आपला हिस्सा मागतात. जाऊबाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "भावजी, त्या भावाचं गिऱ्हाईकही तुम्हीच आणा." खाली चाळीस वर्षांचा भाडेकरू, भिंत शेजाऱ्याशी सामाईक. हे फोनला कोण सांगणार?

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत विक्रीची खरी किंमत उघड असते. तिथे झिलो कंपनी 2006 पासून असे अंदाज देते. पुढे ती स्वतःच घरं विकत घेऊ लागली, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये, भाव नीट वर्तवता येत नाहीत असं सांगून तिने तो धंदा बंद केला. उघड्या दस्तांच्या देशात ही गत.

कागदावरच्या हिशेबाची झळ आपल्या पुणे जिल्ह्याने दोनशे वर्षांपूर्वीच सोसली आहे. 1820 च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे जमिनीची मोजणी-आकारणी केली. माणूस हुशार, हिशेब बारीक. एकूण पिकातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याचे 55 टक्के सरकारचे. कागदावर चोख! पण खालून आलेले पिकाचे आणि खर्चाचे आकडेच भरवशाचे नव्हते. सारा डोईजड झाला, लोकांनी जमिनी सोडल्या, इंदापूरकडे शेतं पडीक राहिली. ज्यांनी गाव सोडलं त्यांच्या दृष्टीने तो हिशेब किती बारीक होता याला काय अर्थ?

1835 मध्ये गोल्डस्मिड इंदापुरात आले, विंगेट त्यांना येऊन मिळाले. कोष्टक त्यांनीही केलं, पण माणूस शेतात जाऊन माती खणून खोली बघायचा. चांगली जमीन सोळा आणे. वाळू, चुनखडी, उतार दिसला की आणे कमी. दरही उतरवले, आणि पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली. (सारा सरकारलाच हवा होता, हे विसरू नये.) पुढे बडोदे संस्थानात हे काम सयाजीराव महाराजांचे शिक्षक एलियट यांच्याकडे आलं.

घराला माती खणून बघता येत नाही, पण त्याच्याही वाळू-चुनखडी असतातच. शहराच्या ज्या भागांत 1991 चा अशांत धारा लागू आहे, तिथे विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते. गिऱ्हाईक महिनोन् महिने थांबत नाही. विश्वामित्रीकाठच्या सोसायट्यांत 2019 आणि 2024 च्या पुरांनंतर तळमजल्याचं गणितच वेगळं झालं. तिथल्या भिंतींवरची चिखलाची रेघ आता रंगाखाली गेली आहे. पाणी कुठवर होतं असं शेजारणीला विचारलं, तर ती हात छातीपर्यंत नेऊन दाखवते.