ओवीला साथ हवी

इतिहास म्हटला की इनामगावच्या माणसाला प्रथम आठवते ते घोडनदीच्या काठचे उत्खनन. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत येथे खोदकाम केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. झै. दा. अन्सारी आणि डॉ. म. के. ढवळीकर या विद्वानांनी त्यातून एक सबंध गाव उजेडात आणले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत येथे शेतकरी नांदत होते. त्यांची शंभराहून अधिक घरे सापडली, चुली सापडल्या, धान्याच्या कणग्यांच्या खुणा सापडल्या, सातूचे जळके दाणे सापडले आणि धान्य रगडण्याचे दगडही सापडले. त्या दगडांवर कोणाच्या तरी आया-बहिणींचे हात फिरले असतील. पण रगडताना त्या काय गात होत्या, हे मात्र दगड सांगत नाही. भांडे फुटले तरी खापर उरते. गाण्याचे तसे नाही. ते एका गळ्यातून दुसऱ्या कानात गेले तरच उरते.

म्हणून आज एक वेगळाच इतिहास पाहू. आपल्या गाण्यांचा इतिहास आपण पुष्कळदा वाचतो. तो बहुधा गाणारीचा असतो. ऐकणारीचा इतिहास कोणी सांगत नाही. वस्तुतः गाणे टिकले ते तिच्यामुळे.

ओवी किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली जाण्यापूर्वी दीडशे वर्षे आपल्या बायकांची ओवी राजाच्या कानापर्यंत गेलेली होती. पुढे संतांनी तीच ओवी उचलली. जनाबाईबरोबर दळायला प्रत्यक्ष विठ्ठल बसला, ही कथा तर लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या कथेत भक्ती आहेच, पण दळणाऱ्या बाईचा अनुभवही आहे. एकटीने जाते ओढणे जड जाते. समोर दुसरा हात हवा आणि ओवीला ‘हो’ म्हणणारा दुसरा गळा हवा.

जात्यावर दोघी बसल्या की काय होत असे, ते आपल्यातील वडीलधाऱ्या बायकांना सांगायला नको. एकीने ओळ टाकावी, दुसरीने ती उचलावी. शब्द अडखळला तर समोरचीने तो सहज सरळ करून परत म्हणावा. बोट दाखवून चूक काढण्याची गरज पडत नसे. दुरुस्त होऊन आलेली ओळच सांगून जाई. ओवी मनाला लागली तर ऐकणारी ती पुन्हा म्हणायला लावी, किंवा तिला जोडून आपली एक ओवी घाली. एकीने भावाचे कौतुक केले की दुसरीला आपले माहेर आठवे. एकीने सासुरवास गायला की दुसरीचा हात क्षणभर मंद होई. तेच तिचे उत्तर असे. दाद आणि दुरुस्ती या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्याच. जी ओवी कोणी उचलली नाही ती पिठाबरोबर सांडून गेली. जी उचलली गेली ती सुनेबरोबर, लेकीबरोबर दुसऱ्या गावी नांदायला गेली.

पुढे छापखाना आला, शिकलेली माणसे आली, आणि ओवीला निराळे श्रोते मिळाले. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात स्त्रियांच्या ओव्या गोळा करून प्रसिद्ध केल्या. कमलाबाई देशपांडे, मालतीबाई दांडेकर, दुर्गाबाई भागवत यांनी हा ठेवा अभ्यासला. १९५६ साली सरकारने लोकसाहित्य समिती नेमली. डॉ. सरोजिनी बाबर यांनी पुढे कित्येक वर्षे तिची धुरा वाहिली आणि गावोगावची गाणी पुस्तकांतून आणली. हे ऋण मोठे आहे. तथापि कागदावर शब्द आले, चाल आली नाही. कोणती बाई कुठे थांबे, कुठे ‘बाई गं’ म्हणून सूर लांबवी, हे छापणार कसे?

ऐकणाऱ्याच्या एका शब्दाने काय घडते, याचे ठळक उदाहरण खानदेशात आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात, जात्यापाशी त्या गाणी रचीत आणि ती जवळच्या माणसांनी टिपून ठेवली. १९५१ साली त्या वारल्या. चिरंजीव सोपानदेव, जे स्वतः कवी, त्यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्र्यांनी त्या गाण्यांचे मोल तात्काळ ओळखले, त्यांना प्रस्तावना लिहिली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्राच्या हाती पडली. ती वही पाहणाऱ्याने “छान आहे” एवढेच म्हणून परत केली असती तर? घरच्यांचे टिपून ठेवणे आणि रसिकाचे मनापासून वाचणे, ही दोन माणसे मिळाली म्हणून ते गाणे जगले. खंत एवढीच की ते कौतुक ऐकायला बहिणाबाई उरल्या नव्हत्या.

यानंतर आले ध्वनिमुद्रण, आणि जी चाल कागदावर उतरत नव्हती ती फितीवर उतरू लागली. पुण्यातील हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुढे भारतीय नागरिक झालेले गी पॉयट्व्हँ या दोघांनी जात्यावरच्या ओव्यांचे प्रचंड काम उभे केले. आरंभ झाला पुण्याच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांत. तेथील स्त्रियांनी स्वतःच शेजारणींच्या, आयांच्या, सासवांच्या ओव्या जमविल्या आणि एकत्र बसून त्यांचा अर्थ लावला. १९९० नंतरच्या वर्षांत संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि ओव्या ध्वनिमुद्रित होऊ लागल्या. महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या तोंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या गावांत आपल्या शिरूर तालुक्यातील सविंदणेही आहे. २०१७ पासून ‘परी’, म्हणजे ग्रामीण भारताचा जो संग्रह पत्रकार पी. साईनाथ यांनी स्थापिला, तो या ओव्या आवाजासह लोकांपुढे ठेवू लागला. आता मोबाइलवरही त्या ऐकता येतात.

या कामातून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, गोळा करणाऱ्यांनी हे चांगले, ते वाईट, अशी निवड करण्याची घाई केली नाही. रामसीतेची ओवी घेतली, तशी नवऱ्याच्या जाचाची घेतली, आणि मराठवाड्यातील स्त्रियांनी जात्यावर गाइलेली बाबासाहेब आंबेडकरांची ओवीही तितक्याच आदराने घेतली. दुसरी गोष्ट, प्रत्येक बाईच्या चालीला त्यांनी तिचा ‘गळा’ मानले. हिचा गळा तिच्यासारखा का नाही, असे विचारले नाही. तोवर गावोगाव पिठाच्या गिरण्या झाल्या होत्या आणि बहुतेक घरची जाती लग्नातल्या हळदीपुरती उरली होती. तरी कोणी मन लावून ऐकायला आले म्हणताच म्हाताऱ्या बायकांना वीस-वीस, तीस-तीस ओव्या आठवू लागल्या. ऐकणारा भेटला की आठवण उघडते.

आता आपल्याकडे वळू. आज जाते नाही, पण प्रत्येकीच्या हाती मोबाइल आहे. हळदीची गाणी, भोंडला, पाळणा, भजन, गौळण अशी गाणी घरीच भरून एकमेकींना पाठविण्याची चाल पडली आहे. कोणाची नात त्याला तबल्याचा तयार ठेका जोडून देते, कोणी घुमारा घालते. ही गोष्ट आनंदाची आहे. पण त्यावर उत्तर काय जाते? हात जोडलेले एक चित्र, फार तर “खूप छान”. ज्या गाण्याला दोन तास बसून जुळविले ते अर्धे ऐकून “खूप छान” म्हणणे, ही दाद नव्हे, निरोप आहे. उलट एखादी सगळ्यांसमोर “सूर घसरलाय” असे लिहून मोकळी होते, आणि ती गाणारी बाई पुन्हा कधी गात नाही. दोन्हीकडून गाणे मरते.

मग करावे काय? जात्यावरची रीतच आठवावी. आधी गाणे सबंध ऐकावे, जमल्यास दोनदा. कोणती ओळ मनाला लागली ते नेमके सांगावे, कारण नेमकी दादच खरी वाटते. उणे असेल ते एकटीला सांगावे आणि उपाय जोडून सांगावे. “वहिनी, दुसऱ्या कडव्यात तुमचा आवाज फार गोड लागला. ठेका मात्र तुमच्या आवाजावर चढतोय, तेवढा हळू करायला सांगा ना नातीला,” असे म्हटले तर कोणाला राग येईल? पट्टी उंच जात असेल तर “अक्का, एक सूर खाली धरून बघा, वरची जागा आरामात लागेल,” असे सांगावे. पंखा बंद करून, दार लोटून, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरला की शब्द स्वच्छ येतात, घुमारा कमी ठेवला की ओवी ओळखू येते, एवढे शिकविले तरी निम्मे काम होते. आणि जिथे गाणे जुने आहे तिथे चाल सुधारू नये. सासूबाईंनी म्हटलेली ओवी सिनेमाच्या चालीत बसविण्यापेक्षा तिची ओळ आपण उचलून म्हणावी, आपल्या गळ्यात भरून तिला परत पाठवावी. याहून मोठी दाद नाही.

विशेषतः ज्यांनी जाते ओढले आहे अशा बायका आपल्या गल्लीत आता थोड्याच राहिल्या. त्यांचे गाणे भरून घेताना त्यांचे नाव, माहेर आणि हे गाणे कोणाकडून आले, हेही गाण्याआधी त्यांच्याच तोंडून बोलवून घ्यावे. बाहेर कोणाला पाठवायचे असल्यास आधी त्यांना विचारावे. त्या म्हणतील, “माझं काय ऐकता, आवाज गेला आता.” तेव्हा घाई न करता समोर बसावे. पहिली ओवी चाचरत येईल. ती आपण उचलली की दुसरी येईल.

नदीकाठच्या त्या दगडांनी तीन हजार वर्षे वाट पाहिली, तरी एक ओळ दिली नाही. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायका मात्र अजून बोलत आहेत. मंडळाच्या येत्या वर्षात प्रत्येकीने निदान एकीचे गाणे मन लावून ऐकावे आणि तिला नीट उत्तर द्यावे, एवढीच विनंती.