नाणेघाटाच्या वाटेनें जुन्नर



उन्हाळ्याची सुटी लागली कीं घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात. तीन दिवस हाताशीं असले तर बहुधा ठिकाणांची एक यादी तयार होते, आणि प्रत्येक ठिकाणीं घटकाभर थांबून ती यादी पुरी करण्यांतच प्रवास संपतो. परत आल्यावर किल्ला आठवतो, लेणें आठवतें, देऊळ आठवतें. परंतु त्यांचा एकमेकांशीं संबंध काय, असें कोणी विचारलें तर उत्तर सुचत नाहीं. ज्यांना इतिहास पाहावयाचा आहे त्यांनीं ठिकाणें निवडण्याआधीं एक जुना रस्ता निवडावा, असें मला आज सुचवावयाचें आहे. माणसें एखाद्या प्रदेशांत कां आलीं, कां राहिलीं आणि कशासाठीं लढलीं, हें रस्ता सांगतो. उदाहरणादाखल आपण जुन्नरचा प्रदेश घेऊं.

पुण्याहून जुन्नर सुमारें ९० किलोमीटरवर आहे. बहुतेक प्रवासी त्या बाजूनें येतात, शिवनेरी चढतात, लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचें दर्शन घेतात आणि संध्याकाळीं परततात. माझी सूचना उलट दिशेची आहे. कल्याणहून निघावें, मुरबाडवरून वैशाखऱ्याकडे यावें, आणि सह्याद्रि पायीं चढून नाणेघाटानें जुन्नर गांठावें. दोन हजार वर्षांपूर्वींचा व्यापारी याच बाजूनें वर येत असे. खालीं कल्याण आणि सोपारा हीं बंदरें, वर देशावर पैठण आणि तेर या पेठा, आणि मध्यें ही डोंगराची भिंत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत या चारहि गांवांचीं नांवें आलेलीं आहेत. जुन्नर हें घाट चढून आलेल्या तांड्यांच्या विसाव्याचें मोठें ठिकाण होतें.

पहिला दिवस घाटाला द्यावा. चैत्र-वैशाखांत डोंगर लवकर तापतो. म्हणून उजाडण्यापूर्वींच चढूं लागावें व पाणी भरपूर घ्यावें. पावसाळ्यांत येथें गर्दी फार असते. पण तेव्हां धुक्यानें आणि ओलीनें भिंतीवरचीं अक्षरें नीट दिसत नाहींत. उन्हाळ्यांत दगड कोरडा असतो. खिंडीजवळच्या गुहेंत शिरून भिंतीवर दिव्याचा प्रकाश तिरपा टाकला कीं ब्राह्मी अक्षरांच्या ओळी उमटूं लागतात. हा सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख म्हणून प्रसिद्ध आहे. पुष्कळ विद्वान् त्याचा काळ इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत धरतात. भाषा प्राकृत आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांची मोजदाद त्यांत केलेली आहे. २४,४०० ही संख्या तेथें तीन चिन्हांनीं लिहिली आहे: वीस हजारांचें एक, चार हजारांचें दुसरें आणि चारशांचें तिसरें. स्थानावरून किंमत ठरविण्याची रीत तेथें नाहीं, आणि शून्यहि नाहीं. शाळेंतील मुलें बरोबर असलीं तर त्यांना हें अवश्य दाखवावें.

याच गुहेंत राजकुलांतील स्त्रीपुरुषांच्या मूर्ति होत्या. सिमुक सातवाहन, देवी नागनिका व राजा सातकर्णी, एक महारठी आणि राजकुमार, अशीं नांवें वर कोरलेलीं आहेत. मूर्ति मात्र नष्ट झाल्या असून कांहींचे केवळ पायांचे अवशेष उरले आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या मागणीच्या समर्थनार्थ या लेखाचा आणि त्यांतील ‘महारठी’ या शब्दाचा वारंवार आधार घेतला जात असे. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें लोक सांगतात. त्या दिवशीं जुन्नरकडे जातांना पूर येथील कुकडेश्वराचें प्राचीन मंदिर पाहावें.

दुसरा दिवस लेण्यांचा. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्रि या डोंगरांत मिळून दीडशेंहून अधिक बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत. एकाच गांवाभोवतीं इतकीं लेणीं कशीं, हा प्रश्न आदल्या दिवशीं घाट चढून आलेल्यास पडत नाहीं. दान देणाऱ्यांचीं नांवें भिंतींवर आहेत. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख मानमोडीस आहे. पण अधिक मोलाचे लेख सामान्यांचे आहेत. इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांनीं येथें दानें दिलीं. त्यांतील इरिलानें पाण्याचीं दोन टाकीं करून दिलीं. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांसारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचाहि उल्लेख आहे. कारागिरांच्या संघावर लोकांचा इतका विश्वास होता कीं धर्मकार्याचा पैसा ते त्याच्या हवालीं करीत. तुळजा लेण्यांतील बारा खांबांचें वर्तुळाकार चैत्यगृहहि चुकवूं नये.

तिसऱ्या दिवशीं शिवनेरी आणि गांव. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले नकाशावर पाहिले, तर घाटाची वाट आणि जुन्नरची पेठ यांवर नजर ठेवण्यासाठीं ते उभे आहेत हें ध्यानांत येतें. पंधराव्या शतकांत आफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकावयाचा घोडा घेऊन चौलहून वर जुन्नरास आला. पावसाळ्यामुळें तो येथें अडकून पडला. त्याचा घोडा येथील अधिकाऱ्यानें हिसकावून घेतला आणि पुढें मोठ्या खटपटीनें तो त्यास परत मिळाला. त्यानंतर १४९० मध्यें मलिक अहमद यानें येथूनच निजामशाहीची स्थापना केली. आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजीं याच शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. शिवनेरीचें दर्शन सर्वांत शेवटीं घ्यावें असें मी म्हणतों तें यासाठींच. राणीचा यज्ञ, यवनाचें टाकें, कांसारांची ठेव आणि सुलतानाची राजधानी पाहून जो हा गड चढतो, त्याला महाराज कोणत्या भूमींत जन्मले हें अधिक स्पष्ट दिसतें.

बेत आंखतांना दोन गोष्टी पाळाव्या. शिलालेखांचें मराठी भाषांतर घरींच वाचून, टिपून न्यावें; नाहींतर भिंतीसमोर उभें राहूनहि कांहींच कळणार नाहीं. आणि भिंतीला हात लावूं नये, मुलांना तेथें आपलें नांव लिहूं देऊं नये. नाणेघाटांतील मूर्ति गेल्या त्या गेल्याच. आतां उरलीं आहेत तीं अक्षरें. आणि दोन टाकीं देणाऱ्या परदेशी माणसाचें नांव आज आपणांस ठाऊक आहे, तें केवळ त्या अक्षरांमुळें.